थोरली की धाकटी

३ फेब्रुवारी

वहिनी आल्या होत्या दुकानात! दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. आल्या आल्या एकेकाची चौकशी — हिचा गुडघा कसा आहे, माझा खोकला गेला का, सूनबाईंची पाठ अजून धरते का, नातीला दात आले का. शेजारच्या घड्याळवाल्याचं मांजरसुद्धा सुटलं नाही. मी म्हटलं, अहो, बसा तरी! तेव्हा कुठे खांद्यावरची पिशवी उतरवली. आत दादांची लाल गिटार.

"भाऊजी, ही नक्की कुठली, ते बघून सांगाल?"

ही गिटार बनवणाऱ्या कारखान्यानं त्या काळी दोन गिटारी काढल्या होत्या. रंग तोच, आकार तोच, वरची दोन शिंगंही तीच. एक भारीतली, एक शिकणाऱ्यांसाठी. दुकानात आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. दादा ऑर्केस्ट्रात थोरली वाजवायचे, हे तर सगळ्यांना ठाऊक.

मान उतरवली की आत कारखान्याचा शिक्का दिसतो. वादच मिटतो. पण वहिनी म्हणाल्या, "तारा सोडू नका हो. त्यांच्या हातच्या लावलेल्या आहेत." मग कुणाचा हात धजेल? वरवरच पाहिलं. तारांखाली पांढरी पाटी असते — थोरलीची तीन पदरी, कडेला मधली काळी रेघ दिसते. हिची एकपदरी. झालं! छाती फुगवून सांगितलं, "वहिनी, ही धाकटी."

"इतकं सहज कळतं?"

"मी आपला रेडिओ खोलता खोलता शिकलेला माणूस. मला कळतं, तर वाजवणाऱ्याला डोळे मिटून कळेल! मान हातात आली की संपलं."

वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. चहा तसाच ठेवून निघून गेल्या.

४ फेब्रुवारी

हिला सांगितलं. म्हणाली, "विचारलं तेवढं सांगून गप्प बसावं माणसानं. तुमचं मेलं सदा प्रदर्शन!"

खोटं नाही. बाईला आता वाटत असणार — नवरा जन्मभर थोरली म्हणून धाकटी मिरवत होता. गेलेल्या माणसाला मी खोटं पाडलं. तेही फुकटच्या ऐटीत!

७ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. डाख देताना बोटाला चटका बसला. बरं झालं.

१० फेब्रुवारी

दादांच्या लेकीचा फोन. "काका, आईला काय सांगितलंत तुम्ही? अर्ध्या जेवणावरून उठते. गिटार समोर घेऊन बसते. विचारलं की म्हणते, कुठे काय."

येतो म्हटलं. गेलो नाही. चप्पल घातली, काढली. भित्रा लेकाचा!

१३ फेब्रुवारी

आज एका बँडवाल्यानं गिटार टाकली — खरखर करते म्हणून. तीच लाल. तीच एकपदरी पाटी. मनात म्हटलं, आली आणखी एक धाकटी. मान उतरवली — शिक्का थोरलीचा!

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. थोरलीचाच. वाटलं, पाटी मागाहून बदलली असेल. पण स्क्रूची भोकं मूळचीच, दुसरी खूणसुद्धा नाही. शेवटी त्या काळी या गिटारी विकणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो खो-खो हसला. "अहो, वर्षाअखेरीला तीन पदरी पाट्या संपल्या कारखान्यात. मग हाताला लागेल ती बसवून मोकळे! तुम्ही काय पाटीवरून सांगता की काय लोकांना?"

हो. पाटीवरूनच सांगतो. आणि ठणकावून सांगतो.

म्हणजे दादांची थोरलीही असू शकेल! आणि मी त्या बाईच्या जिवाला घोर लावून ठेवला.

१४ फेब्रुवारी

सकाळीच गेलो वहिनींकडे. उंबऱ्यातच सांगून टाकलं, "वहिनी, चुकलो. पाटीवरून काही ठरत नाही. ही थोरलीसुद्धा असेल. दादांना मी उगाच—"

"धाकटीच आहे," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच आणली ती. त्यांना कावीळ झाली होती बघा, दवाखान्यात होते. झाडताना माझा धक्का लागला, थोरली पडली. डोक्यापाशी मान मोडली. त्यांना धड उठून बसवत नव्हतं, मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? दुकानं पालथी घातली आणि तिच्यासारखी तिची बहीण शोधून आणली. ते घरी आले, मांडीवर घेतली, वाजवली. बोलले काहीच नाहीत. मी म्हटलं, सुटले! नाही कळलं. दुसऱ्या कुणाला तरी ओळखू येते का, म्हणून परवा तुमच्याकडे आणली, तर तुम्ही म्हणालात, डोळे मिटून कळतं." पदर तोंडाशी गेला. "म्हणजे भाऊजी, इतकी वर्षं ते माझ्याकडे बघत असतील आणि मनात म्हणत असतील, ही बया खोटं बोलते."

हे दुखणं होतं होय! आणि मी भलत्याच जागी मलम घेऊन गेलेलो.

"छे छे! ती माझी फुशारकी हो. शिक्का पाहिल्याशिवाय भल्याभल्यांना कळत नाही. दादांना काही कळलेलं नाही."

"नक्की?"

"नक्की!"

रडल्या. मग हसल्याही. "तुम्हाला ऐटच फार, भाऊजी!" जेवायला बसवलं, स्वतःही जेवल्या. निघताना गिटार हातात दिली. "आता सोडा तारा. नव्या लावून द्या, लेक वाजवेन म्हणते."

घरी आल्यावर ही म्हणाली, बरं केलंत. मला काही बरं वाटत नाही. नक्की म्हणालो खरा — पण दादांच्या मनातलं मला काय ठाऊक? आधी ऐटीत बोललो, आता दयेपोटी बोललो. दोन्ही वेळा आत न बघताच.

१६ फेब्रुवारी

तारा सोडल्या. मान उतरवली. शिक्का धाकटीचा.

आणि खोबणीत पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी. धाकटीच्या तारा उंच असतात, बोटांना जड जातात. मानेखाली अशी पट्टी सारली की खाली येतात, थोरलीसारख्या. हे कारखान्याचं काम नव्हे. कात्रीनं नेटकं कापलेलं — दादांचाच हात. पुठ्ठा औषधाच्या खोक्याचा. वर अजून वाचता येतं — 'काविळीवर'.

पट्टी जागची हलवली नाही. फोन लावला. "वहिनी, मी पुन्हा चुकलो. लवकर या. सांगत नाही, दाखवतो."