माळ्यावरचं जाडं मीठ

प्रिय रुकय्या,

सलाम. तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. पत्र लिहावं एवढी लांब तू गेलीसच कधी? तुझं माहेरसुद्धा निजामपुऱ्यातच, दोन गल्ल्या सोडून. रुसून गेलीस तरी संध्याकाळच्या चहाला परत यायचीस.

आजच का लिहितोय ते सांगतो. आज जुम्मा आहे. नमाज झाल्यावर नसीम येणार आहे, नमाजासाठी अंथरायची जानमाज घेऊन जायला. आपल्या लेकीला मला जे सांगायचंय ते तोंडातून निघत नाही. म्हटलं, आधी तुला सांगून बघावं. तू चिडलीस तरी निदान मध्येच उठून जाणार नाहीस.

माझं चामड्याचं वेड तुला नवीन नाही. आपले कापडाचे लूम भंगारात गेले तेव्हा मी काय वाचवून आणलं होतं? शटलला झटका देणारा तो चामड्याचा पट्टा. लोक घरी पैसे आणतात, तुम्ही काय आणलंत, असं तू म्हणालीस. त्याच पट्ट्यातून मी किल्ल्यांना अडकवायचं काहीतरी कापलं, आणि तिथून सुरू झालं सगळं. फोनवर व्हिडिओ बघायचे, सुई-दोरा मागवायचा, कातड्याचे तुकडे मागवायचे. ऑनलाइनवाल्यांची गोदामं सगळी आपल्या काल्हेर-दापोड्यात, आणि माझं पार्सल दिल्ली फिरून आठवड्याने यायचं!

पहिलं पाकीट आठवतं? तू ते उलटंसुलटं करून पाहिलंस आणि विचारलंस, हे खिशात ठेवायचं की पायात घालायचं? मी दिवसभर बोललो नव्हतो तुझ्याशी. आणि तुझं लाटणं! कातडं सपाट करायला मी ते गुपचूप वापरलं, तुला वासावरून कळलं. चपात्या लाटायच्या लाटण्याने हे मेलेलं ढोर लाटता, असं ओरडलीस. नवं लाटणं आणलंस, जुनं माझ्यासमोर आपटलंस आणि म्हणालीस, घ्या, आता हे तुमचं. पण माझं दुसरं पाकीट तू शेवटपर्यंत वापरलंस. त्याची शिवण वाकडी होती, तरी कुणी हसलं की तूच भांडायचीस.

आता आपल्या बकऱ्याबद्दल, नवाबबद्दल.

तू गेलीस तेव्हा तो गच्चीवर होता. तूच आणलेला, तूच वाढवलेला. तुझी ओढणी चावायचा आणि तुझ्या हाताशिवाय पाला खायचा नाही. नसीम माहेरी आली की आधी गच्चीवर जायची, मग माझ्याकडे. तुझ्यानंतर त्याला मी खायला घालू लागलो, तर माझ्याकडे बघायचा आणि जिन्याच्या दाराकडे तोंड करून उभा राहायचा. मला त्याचा राग यायचा. खरं तर मीही दिवसभर तेच करत होतो.

ईदला तुझ्या नावाने त्याची कुर्बानी केली. नसीम आली होती, जावईही आले होते. मटणाचे तिन्ही वाटे, घरचा, नातेवाइकांचा आणि गरिबांचा, नीट केले, तुझ्या यादीतलं एक घर सुटलं नाही. खालच्या मजल्यावरच्या खैरूनखालाला आधी दिलं, नाहीतर ती बोलत बसते हे तूच शिकवलेलंस. सगळं तुझ्यासारखं केलं. फक्त एक सोडून.

सोललेली खाल तू दर वर्षी स्वतः घडी करून मदरशाच्या माणसाच्या हातात द्यायचीस. खाल घरातून गेली की मगच तू चहा घ्यायचीस. या वर्षी तो माणूस दारात आला आणि मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, ही खाल मी ठेवणार आहे, रुकय्याच्या नावाने जानमाज करणार आहे. मौलानांना मी आधीच विचारलं होतं. घरात वापरायला हरकत नाही, विकायची मात्र नाही, असं ते म्हणाले होते. म्हणजे परवानगी होती गं. अक्कल नव्हती.

सगळ्यांसमोर केवढी फुशारकी मारली मी! जेवताना जावयांना सांगत होतो, कातडं कमावणं म्हणजे काय, केस कसे काढतात, तेल कसं मुरवतात. पाकिटाची शिवण सरळ येत नाही आणि निघालो अख्खी खाल कमवायला. नसीम माझा हात धरून म्हणाली, “अब्बा, अम्मी त्या जानमाजवर नमाज पढतेय असंच वाटेल मला.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी छाती फुगवून बसलो होतो.

आणि तिकडे त्या कातड्याचं काय चाललं होतं? व्हिडिओतला गोरा माणूस मीठ लावून खाल आपल्या गॅरेजमध्ये ठेवतो, आणि खिडकीबाहेर बर्फ पडत असतो. इथे भिवंडीतला उन्हाळा. बर्फ मला दिसला होता रुकय्या, पण मी काही त्याचा विचार केला नाही. घरात पाहुणे, पातेल्यात कलेजी, दाराची बेल थांबत नव्हती. स्वयंपाकघरातली बारीक मिठाची अर्धी पिशवी होती ती कातड्यावर भुरभुरली, आमटीत टाकावं तसं. वास पसरू नये म्हणून खाल घडी करून बादलीत कोंबली आणि वर घट्ट झाकण लावलं. पाहुणे गेले की नीट करू म्हटलं. पाहुणे गेले, मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा माणसं आली.

झाकण उघडलं तेव्हा काय झालं ते तुला कसं सांगू? हात लावला तर केस मुठीत आले. तो वास अजून माझ्या नाकात आहे. खैरूनखाला जिन्यातून ओरडली, वर काय मेलंय? मी म्हटलं, उंदीर. नवाबला मी उंदीर म्हटलं.

फिनेल शोधायला माळ्यावर चढलो. आणि तिथे काय होतं माहीत आहे? तुला तर माहीतच असणार, तूच ठेवलंस. जाड्या मिठाचं पोतं. तुझ्या त्या दुहेरी गाठीने बांधलेलं, कैरीच्या लोणच्यासाठी आणलेलं. बरोबर माझ्या डोक्यावर होतं गं ते, मी खाली अर्धी पिशवी भुरभुरत होतो तेव्हा. लोणचं घालताना तू दर वर्षी बजावायचीस, मिठाला हात आखडता घेऊ नका, सगळं नासेल. मी पेपर वाचत हूं हूं करायचो. माळ्यावर बसून मी ती गाठ सोडली आणि रडलो. पोरासारखा रडलो.

त्या कातड्यावर नवाबचा ओरखडा होता. पिल्लू असताना गच्चीच्या पत्र्याने मांडी फाडून घेतली होती ना त्याने? तू हळद घेऊन धावलीस. मग हा डाग कुर्बानीला चालेल ना, हे मौलानांना दोनदा विचारून आलीस. सगळी खाल हातात फाटत होती, पण तेवढा भाग घडीच्या वर राहिला होता, मीठही त्याच्यावर जास्त पडलं होतं. तेवढा तळहाताएवढा तुकडा मी कापून घेतला आणि तुझ्या मिठात पुरून ठेवला.

बाकीची खाल? पुरायला हवी होती. नदीनाक्याकडे भाच्याचं आवार आहे, एक हाक मारली असती तर खड्डा खणून दिला असता. पण मग त्याला सांगावं लागलं असतं. म्हणून काळ्या पिशव्यांत बांधली आणि सकाळी घंटागाडीत टाकली. कुर्बानीची खाल, तुझ्या नावाची, भाजीच्या देठांवर आणि लहान पोरांच्या लंगोटांवर. गाडीच्या भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं चालू होतं. मी चोरासारखा वर आलो.

इथे थांबलो असतो तरी तू माफ केलं असतंस. मी थांबलो नाही.

नसीमचा रोज फोन. अब्बा, जानमाज कुठवर आली? मी म्हणायचो, आज तेल लावलं. आज वाळत घातली. शेवटी मुंबईला जाऊन तयार कमावलेलं बकऱ्याचं कातडं विकत आणलं. कापलं, कडा शिवल्या, खाली तुझ्या हिरव्या ओढणीचं अस्तर लावलं. आणि कसं सांगू, शिवण पहिल्यांदाच सरळ आली! आयुष्यात एकच गोष्ट मी सरळ शिवली, आणि तीच खोटी निघाली.

गेल्या जुम्म्याला नसीम आली. मी म्हटलं, हा घे तुझा नवाब. तिने ती डोळ्यांना लावली, अंथरली आणि दुपारनंतरची अस्रची नमाज तिच्यावरच पढली. कपाळ टेकलं ते सजद्यातून लवकर उठेना. मी दारात उभा होतो, मला आत जाववेना आणि बाहेरही जाववेना. मग ती बसल्या बसल्या कातड्यावरून हात फिरवू लागली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मला कळलं ती काय शोधतेय.

“अब्बा, त्याचा तो ओरखडा कुठंय?”

म्हणाली, जखमेचा डाग कातड्यात राहतो असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मीच सांगितलं होतं, त्याच ईदच्या जेवणावर, छाती फुगवून. मी म्हटलं, तो भाग कमजोर होता, कापून टाकला. ती हो म्हणाली. एवढंच. जानमाज घडी करून तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, कडा अजून थोड्या घासून ठेवा, पुढच्या जुम्म्याला नेते. कडांना घासायचं काहीच शिल्लक नव्हतं रुकय्या, ते तिलाही दिसत होतं.

तिला कळलंय का? तुझी लेक आहे, कळलं असणार. मला एक आठवडा देऊन गेलीय ती. आणि मी तो आठवडा कसा काढला? रोज तिला फोन करायला घेतला आणि बटाट्याचा भाव सांगून ठेवला.

मला तिच्या रागाची भीती नाही. ती त्या कातड्यावर डोकं टेकून तुझ्यासाठी दुआ मागत राहील आणि मी जिवंत असेपर्यंत गप्प बसेन, याची भीती वाटते. मौलाना म्हणतील, कातडं पाक-साफ आहे, नमाज झाली. त्यांचं बरोबर आहे. पण तिने तुझं म्हणून कपाळ टेकलं, आणि तिथे तू नव्हतीस. मी होतो, आणि माझी अब्रू होती.

तुझ्या मिठातला तो तुकडा काल काढून पाहिला. पापडासारखा कडक झालाय. वाकवला तर मोडेल. अर्धे केस गेलेत, अर्धे आहेत, तेच तांबूस. वासही थोडा येतो. त्याचं काही शिवता येणार नाही. पण ओरखडा आहे. बोट फिरवलं की लागतो.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस? आधी हसली असतीस, मग तोंड भरून बोलली असतीस, आणि मग मला पुढे करून स्वतः स्वयंपाकघरात गेली असतीस. जा, तुम्हीच सांगा, असं म्हणून. या वेळीही तसंच केलंस म्हणायचं.

खाली रिक्षा थांबली. नसीम खैरूनखालाशी बोलतेय, तिचा आवाज येतोय. तुझ्या लोणच्याच्या बरणीत मीठ भरून तो तुकडा मी टेबलावर ठेवलाय, आणि जानमाज कपाटात. वचन देतो तुला, आज आधी बरणी तिच्या हातात देईन. सगळं सांगेन, घंटागाडीसकट. मग तिला ती जानमाज हवी असेल तर कपाट उघडेन, नको असेल तर नाही. आणि पुढच्या ईदला खाल मी घडी करून मदरशाच्या माणसाच्या हातात देईन, मगच चहा घेईन.

ती जिना चढतेय.

तुझा,
सलीम