दुखऱ्या हाताची बाही आधी

ती. वन्सं यांस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून निम्माच वाकले, उरलेला भेटीत घालीन.) तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, ते फोनवर कळलंच नाही, कारण मध्येच तुम्ही मला दूध उतू जातंय का बघायला पिटाळलंत. आणि ते खरंच जात होतं.

तुमच्या धाकट्या बंधूंची तब्येत सुधारते आहे. उजवी बाजू अजून रुसलेली आहे, पण जीभ सुटायला लागली आहे. (पहिला शब्द 'चहा' आला. दुसरा 'अजून'.) महिनाभर राहायला येते असं तुम्ही म्हणालात, पण खरंच त्याची काही गरज नाही. आमचं झकास चाललंय. कसं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या सकाळी मी यांना शर्ट घालायला घेतला. कसा घालायचा ते नर्सबाईंनी दाखवलं होतं, पण तेव्हा मी त्यांच्या हातांकडे न बघता यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. त्यामुळे मी आपला चांगला हात आधी घातला, आणि मग दुखरा हात काही केल्या दुसऱ्या बाहीपर्यंत पोचेना. ओढाताणीत कॉलर यांच्या नाकावर आली, बटण तुटून पलंगाखाली गेलं, आणि आतून हे जे काही म्हणाले ते नीट कळलं नाही हे माझं नशीब. मी मटकन पलंगावर बसले. शर्टातून यांचा एकच डोळा दिसत होता, आणि तो भरून आला होता.

वन्सं, आमचं लग्न ठरत होतं तेव्हा 'मुलगी करते काय?' असं तुम्ही विचारलं होतंत, आठवतंय? कापडाच्या मोठ्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना कपडे घालते, हे ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, 'अगंबाई, बाहुल्या खेळते!' (मी मनावर घेतलं नाही. फक्त लक्षात ठेवलं.) तर त्या दुकानात बहुतेक पुतळ्यांचे हात निघायचे, पण एक जुना अखंड पुतळा होता. त्याला आम्ही 'साहेब' म्हणायचो, कारण तो कुठेच वाकत नसे. साहेबांना कपडे चढवायची एक रीत होती: अवघडलेला हात आधी, मग पाठीवरून कापड फिरवायचं आणि दुसरा हात शेवटी. उतरवताना नेमकं उलटं. त्या सकाळी पलंगावर बसल्या बसल्या मला साहेब आठवले. शर्ट काढला, दुखऱ्या हाताची बाही आधी घातली, आणि बघता बघता गळ्यापर्यंत बटणं लागलीसुद्धा. (साहेबांनी शर्टाच्या रंगाला कधी नाक मुरडलं नव्हतं. हे मुरडतात.)

त्या नोकरीनं आणखी एक शिकवलं. काम करताना टाचण्या ओठांत धराव्या लागत, त्यामुळे कुणी काहीही बोललं तरी तोंड उघडायची सोय नसे. हल्ली हे चिडले की मी मनातल्या मनात ओठांत टाचण्या धरते. (परवा एक गिळली असावी; दिवसभर टोचत होतं.)

पण खरी गंमत मंगळवारची. घरी आल्यापासून हे उंबऱ्याबाहेर पडायला तयार नव्हते. गावभर ज्यांना गाडी चालवायला शिकवलं, त्यांच्यासमोर चाकाच्या खुर्चीत बसून जायचं नव्हतं यांना. केस मात्र कानांवर आले होते. मंगळवारी आरशात बघून आपणच म्हणाले, 'कटिंग.' माझा आनंद गगनात मावेना. यांचे विचार बदलायच्या आत मी खुर्ची रस्त्यावर काढली.

केस कापायचं दुकान उताराच्या टोकाला आहे, हे मला उतारावर लागल्यावर आठवलं. खुर्ची पुढे, मी मागे, आणि थोड्याच वेळात मी ढकलत नव्हते, नुसती लोंबकळत होते. चपला मागेच राहिल्या. (खुर्चीला ब्रेक असतो म्हणे.) मी किंचाळले, 'अहो, मेले मी!' यांचा डावा पाय पायपट्टीवर दाबला गेला. शिकवायच्या गाडीत यांच्या पायाशी जादा ब्रेक असायचा ना, तो शोधत होता. आणि मग यांचा आवाज आला, जरा जड, पण जुना.

'बाई, घाबरू नका. पायाकडे नको, लांब बघा. डावीकडे घ्या. वाळू दिसते ना? तिकडेच. हळू... शाब्बास.'

बांधकामाच्या वाळूत चाकं रुतली आणि आम्ही थांबलो. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला 'बाई' म्हटलं नव्हतं, आणि आजारपणानंतर सलग एवढं बोललेही नव्हते. मी वाळूतच बसले. मान न वळवता हे म्हणाले, 'पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात.' मग मी हसले की रडले, ते मलाही सांगता येणार नाही. समोरून केशकर्तनवाले कात्री घेऊनच धावत आले आणि 'मास्तर आले, मास्तर आले' म्हणत यांना आत घेऊन गेले. तिथे पूर्वी यांच्याकडे गाडी शिकलेली एक मुलगी आपल्या लेकाचे केस कापून घ्यायला आली होती, तिनं उठून यांचा डावा हात हातात घेतला. यांनी काढून घेतला नाही. उलट विचारलं, 'अजून गिअर बदलताना खाली बघतेस का?'

तर असं आहे. ज्याचं त्याचं शिकलेलं उपयोगी पडतंय. तेव्हा काळजी नसावी आणि येण्याची तसदी घेऊ नये.

तुमची,
भावजय

ता. क. गरज नाही हे वर लिहिलंय ते खरंच आहे. पण हे हाताचा व्यायाम करत नाहीत. रोज दुपारी चेंडू हातात देऊन समोर बसते, पण बोट हललेलं दिसेल तर शपथ. तुम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होतात. तुमच्या चपला वाजल्या की खोल्याखोल्यांतून पुस्तकं उघडायची म्हणे. त्या चपला घालून दोन दिवस या. चार दिवस आलात तरी चालेल.

आणखी ता. क. अक्का, डाव्या हातानं लिहितोय, अक्षराला हसू नकोस. ही पाकीट आणायला आत गेली आहे. व्यायाम मी रोज करतो. चेंडू हातात दिला की हिचा बसल्या जागी डोळा लागतो, त्यामुळे हिला दिसत नाही. मी उठवत नाही. तू महिनाभर ये.