व्हीजे किबुयागाचा आवाज

४ मार्च, सोमवार

बंद! सकाळपासून बंद! फोनच्या पडद्यावर एक गोल नुसता फिरतोय आणि खाली लिहिलंय — काहीतरी चुकलं आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. अरे, काय चुकलं? कोणाचं चुकलं? नाव तर सांगाल!

नालोंगो रोज दुपारी भुईमूग सोलायला बसते आणि फोनवर त्या अॅपमधून माझा एक पिक्चर लावते. बघत नाही, ऐकते. डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढून टाकल्यापासून या घरात माझा आवाज म्हणजे तेवढाच. आता गळ्याला भोक आहे. चिडलो की त्यातून किटलीसारखी शिट्टी वाजते.

"राहू दे ना सालोंगो, येईल उद्या," म्हणाली. जुळ्या मुली झाल्या तेव्हापासून सगळी नातेते वस्ती मला सालोंगो, म्हणजे जुळ्यांचा बाप म्हणते, आणि माझ्या बायकोला नालोंगो. मला ओरडायचं होतं. ताटलीवर चमचा आपटला. शेजाऱ्यांची कोंबडी तेवढी घाबरली.

५ मार्च

बंद.

६ मार्च

जुळ्यांतल्या थोरलीचा, बाबिर्येचा फोन आला. ती बोलते, मी नखाने टकटक करतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "बाबा, त्यांचा सर्व्हर पडलाय. चिडू नका." पडला तर उचला की! मी इतक्या वेळा टकटक केलं की तिने फोनच ठेवला.

चिडू नको म्हणे! उभं आयुष्य पत्र्याच्या किबांड्यात, वस्तीच्या व्हिडिओ थेटरात गेलं माझं. एका हातात माईक, समोर एक टीव्ही, बाकांवर अख्खी वस्ती. पिक्चर चिनी असो, अमेरिकन असो नाहीतर हिंदी, मी तो तिथल्या तिथे आमच्या लुगांडा भाषेत सांगायचो. नुसता सांगायचो नाही, त्यात मीठमसाला घालायचो. खलनायकाला आमच्या घरमालकाचं नाव द्यायचो, वामाला! मागे फुकट घुसलेल्याला म्हणायचो, "ए मागच्या, पळ, हा तलवार घेऊन तुझ्याकडेच येतोय!" लोक पिक्चर बघायला नाही, व्हीजे किबुयागाला ऐकायला यायचे. किबुयागा म्हणजे वादळ. आणि आता हे असं, शिट्टी.

माझ्या आवाजातल्या त्या सगळ्या पिक्चरच्या सीड्या घरी पेट्यांत होत्या. ऑपरेशनच्या आधी अॅपवाल्यांचा टायवाला आला. "धूळ कशाला सांभाळताय अंकल? आम्ही कायमचं जपून ठेवतो." नालोंगो म्हणत होती, निदान एकेक प्रत तरी ठेवून घ्या. तो गोड हसला. "सगळं परत मिळेल, आई." पेट्या गाडीत गेल्या, त्या गेल्याच.

८ मार्च

त्यांच्या ऑफिसात जाऊन आलो. काचेचं दार, थंड हवा, एक मुलगी. सोबतच्या पाटीवर खडूने लिहून दाखवलं — माझ्या सीड्या परत द्या.

"सीड्या?" ती जरा गोंधळली. "त्या अपलोड झाल्यावर टाकून दिल्या, अंकल. जागा किती अडते ना! पण तुमचे पिक्चर सुरक्षित आहेत."

कुठे सुरक्षित? दाखव ना! मी टेबलावर पाटी आपटली, तिचा कोपरा तुटला. गार्ड धावत आला, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि बाहेर आल्यावर एकदम वाकून म्हणाला, "तुम्ही किबुयागा ना? शाळा बुडवून यायचो हो तुमच्याकडे! काहीतरी बोला ना, फक्त एकदा!"

त्याचा राग नाही आला. राग आला तो घरी येताना, वाटभर. माझी वस्तू, आणि ती बघायला परक्याची परवानगी लागते! जिला घरात कडी लावता येत नाही, शेजाऱ्याला उसनी देता येत नाही, ती माझी कशी? सीडी ओरखडली तर अडखळायची, पण माझ्याच घरात अडखळायची. फडक्याने पुसली की चालायची. हा फिरणारा गोल कशाने पुसू?

१० मार्च

सगळी वस्ती पालथी घातली. कोणाकडे एक सीडी नाही. "आता कोण ठेवतं सालोंगो, फोनवर असतंय की सगळं!" असतंय म्हणे!

नालोंगो म्हणाली, "म्पागीकडे विचारा."

म्पागी! तो चोर! मी संध्याकाळी पिक्चर सांगावा आणि सकाळी त्याच्या टपरीवर त्याच्या चोरट्या प्रती टांगलेल्या असाव्यात. वर माझा फोटो, तोही मिशा उडवून! एकदा पोलिसांत दिला होता. सुटून आला आणि दुप्पट छापायला लागला. त्याच्या दारात पाऊल टाकणार नाही. मेलो तरी नाही.

११ मार्च

टाकलं.

"या या, सालोंगो!" म्पागी खुर्चीवरून उठलासुद्धा. "पोलिस मागून येतायत, का आज एकटेच?"

हसला नाहीतर काय करणार होता! त्याच्याकडे मी शिव्या द्यायलासुद्धा तोंड घेऊन गेलो नव्हतो. पाटी दाखवली. त्याने वाचली. मग मागच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसला. धूळ, झुरळं, तुटके रिमोट. शेवटी एकच निघाली. 'सात मुलींचा बाप'. तो चिनी पिक्चर, म्हातारा कोळी आणि त्याच्या लढवय्या मुली.

"बाकीच्या विकल्या हो. तुमच्याच तर खपायच्या." जुना प्लेअरही दिला. मी पैसे काढले तर माझा हात मागे सारला. "चोरीच्या मालाचे पैसे मालकाकडूनच घेऊ का?"

एवढं चांगलं वागायची काही गरज होती का त्याला? आता मी रागवायचं कोणावर?

१२ मार्च

लावली. आधी खरखर, मग किबांडा! बाकं करकरतायत, कोणीतरी खोकतंय, आणि मी! मीच! "बघा, बघा, हा वामाला आला भाडं मागायला, बापाच्या हातात वल्हं आहे हे बिचाऱ्याला माहीत नाही!" लोक खो खो हसतायत. आणि त्या हशातून एका बाईचा खणखणीत आवाज — "भुईमूग! गरम भुईमूग! ए, पाय घे बाजूला!"

नालोंगोच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं बाई, ही मी!" हो, तीच. किबांड्यात टोपली घेऊन फिरायची ना तेव्हा, टोपली रिकामी झाली की घरी. मीच विसरलो होतो. मध्ये एका जागी सीडी अडकली. मी फडक्याने पुसली. चालली!

प्रत्येक पिक्चरच्या शेवटी मी म्हणायचो ते आलं. "नालोंगो, चहा टाक, निघालोच मी."

ती उठली आणि खरंच चहा टाकायला गेली. मी रडलो. माझ्या रडण्यालाही आवाज नाही.

१५ मार्च

अॅप सुरू झालं! बाबिर्येने आनंदाने फोन केला. नालोंगोने 'सात मुलींचा बाप'च लावला. वर माझं नाव, माझा फोटो, मिशांसकट.

आवाज माझा नाही.

कोणीतरी गुळगुळीत. खोकला नाही, हशा नाही, भुईमूग नाही, वामाला नाही. शब्दाला शब्द सांगतोय, बातम्या दिल्यासारखा. दुसरा लावला. तोच. तिसरा, तोच. "हा कोण मेला?" नालोंगो म्हणाली.

बाबिर्येने विचारून सांगितलं. बिघाडात जुना आवाज गेला, म्हणून मशीनकडून नवा घालून घेतला. "ते म्हणतात, ऐकायला जास्त साफ आहे, बाबा." साफ! मला पुसून काढलं आणि वर साफ म्हणतात! मी दोनदा टकटक केलं. दोनदा, पुन्हा दोनदा. नाही. नाही. नाही.

नालोंगोने सीडी तिच्या लग्नातल्या गोमेसी झग्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं. "आता हिला कोणाचा हात लागू देणार नाही."

१६ मार्च

पेटी उघडली. सीडी काढली. नालोंगो बघत होती, अडवलं नाही.

म्पागीच्या टेबलावर ठेवली आणि फुटक्या पाटीवर लिहिलं — छाप. निघतील तितक्या छाप. वीक, वाट, टांग सगळीकडे.

त्याने वाचलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचलं.

मी पाटी त्याच्या नाकासमोर आपटली.