शिवेवर थांबलेल्या धुराबाबत आणि जरीमरीची गाडी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, खारवाघळी,
तालुका पनवेल, जिल्हा रायगड.

अर्जदार : तुळशीराम हसुराम घरत, वय ७६, धंदा पूर्वी मिठागर, सध्या गोष्टी सांगणे, राहणार जुना पाडा, खारवाघळी.

विषय : नाल्यापलीकडच्या टॉवरखालचे पाणी उपसून धुराची मशीन पाड्यात आणणे, तसे जमत नसल्यास आपल्या कपाटातील गाडी परत करणे.

संदर्भ : (१) साहेबांनी जरीमरीच्या देवळाच्या पायरीवर उभे राहून दिलेला तोंडी शब्द. (२) अर्जदाराच्या पिंपाच्या बुडावर चिकटवलेली नोटीस.

महोदय,

वरील अर्जदार सविनय कळवितो की :

१. गाडीची हकिगत साहेबांना ठाऊक आहे. तरी हा अर्ज वरच्या साहेबांकडे गेल्यास त्यांनाही कळावे म्हणून लिहितो. पाड्यात तापाची साथ आली की जरीमरी देवीची हातभर लाकडी गाडी निघे. तीत भात, लिंबू, हिरव्या बांगड्या ठेवत आणि घरत घराण्यातला माणूस ती ओढत शिवेबाहेर नेऊन सोडी. ताप गाडीत बसून जातो, अशी समजूत होती. पुढचे गाव ती आणखी पुढे ढकली. अर्जदाराच्या आजाच्या वेळी ताप इतका भरला की हातभर गाडीला बैलजोडी जुंपावी लागली. त्यातला डावा बैल शिंकत गेला तो घरी येईपर्यंत शिंकतच होता. एका वर्षी तर तीच गाडी सगळा तालुका फिरून पाड्याच्या मागच्या वाटेने परत आली, लिंबू अजून हिरवेच. तेव्हा अर्जदाराला थोडी शंका आली होती, पण घराण्याचा मान म्हणून तो गप्प राहिला.

२. पुढे आपल्या केंद्राची आशाताई अंकिता घरोघर तपासणी करत आली. म्हणाली, "बाबा, ताप गाडीत बसून जात नाय. तो तुमच्या पिंपात बसलाय." अर्जदार खवळला. म्हणाला, "पोरी, या पिंपातलं पानी पिऊन आमी म्हातारे झालो." तिने बशीत पाणी घेतले आणि उन्हात धरले. हळदीला पोरे नाचावीत तसे धाग्याएवढे जीव त्यात वळवळत होते. डोके खाली, शेपूट वर. अर्जदाराने जन्मभर नाही नाही ते पाहिल्याचे लोकांना सांगितले आहे. हे मात्र त्याने खरोखर पाहिले.

३. मग आपण स्वतः आलात. देवळाच्या पायरीवर उभे राहून म्हणालात, "घरतबाबा, रोग शेजाऱ्याच्या दारात ढकलायचा नसतो. जिथं जन्मतो तिथंच मारायचा." असले वाक्य अर्जदाराला आयुष्यात सुचले नव्हते. त्याने त्याच दिवशी गाडी आपल्या हवाली केली. त्याची बायको भामा दारात आडवी उभी राहिली होती. "आवो, देवीची गारी सायबाच्या कपाटान नका ठेवू," म्हणाली. अर्जदाराने तिचे ऐकले नाही. आपले ऐकले. तेव्हापासून दर शुक्रवारी तो थाळी वाजवत फिरतो आणि पाड्यातली पिंपे, घागरी, टायर उपडे करायला लावतो. पाडा इतका कोरडा असतो की शुक्रवारी बेडूक टॉवरकडे पाणी मागायला जातात.

४. बेडकांना तिथे पाणी मिळते, हीच तक्रार आहे. नाल्यापलीकडच्या टॉवरची दुसरी इमारत अर्धवट बांधून तशीच सोडली असून तिच्या तळघरात गुडघाभर पाणी आहे. अंकिताने ते आपल्या कानावर घातले. यंदा गणपती गेल्यावर ताप सुरू झाला तेव्हा पाणी उपसायला कोणी आले नाही, धुराची मशीन आली. मशीनवाल्या परेशने आधी तिच्यापुढे नारळ फोडला. नळीला लिंबू-मिरची बांधलेली होतीच. टॉवरच्या फाटकापासून धूर सोडत तो आमच्या शिवेच्या दगडापर्यंत आला आणि मशीन बंद केली. अर्जदाराने विचारले, "परेश, आता आमच्याकडं?" तो म्हणाला, "बाबा, ऑर्डर दगडापर्यंतच हाय. तुमचा पाडा पुढच्या फेरीला." ती फेरी आजतागायत आली नाही. डास मात्र धुराच्या पुढे पुढे बायकापोरांसह आले. त्यातला एक म्हातारा डास दगडावर बसून मागच्यांना वाट दाखवत होता. याला साक्षीदार विठू भोईर आहे, फक्त त्याला मोतीबिंदू आहे.

५. साहेब, नारळ झाला, लिंबू झाले, शीव झाली आणि रोग शेजाऱ्याच्या दारात गेला. ही आमचीच गाडी झाली, फक्त डिझेलवर चालणारी. आणि आम्ही निदान शिवेवर शिंग वाजवून पुढच्या गावाला वर्दी देत असू, बायका हात जोडून माफी मागत. आपण कोणाला वर्दी दिली नाही.

६. उलट "रहिवाशांच्या निष्काळजीपणामुळे डासांची पैदास" अशी नोटीस आली. आपला माणूस ती चिकटवायला जागा शोधत होता. दिवस शुक्रवार, पिंप उपडे, म्हणून त्याने ती पिंपाच्या बुडावर चिकटवली. उपड्या पिंपात पाणी कसे साठते, हे अर्जदारासारख्या थापाड्यालाही कोणाला पटवून देता येणार नाही.

७. पाड्यातले लोक आता अर्जदाराला तोंडावर बोलतात, "तुळशा, तुजा सायब कुठं हाय?" गाडी परत मिळाली तरी तीत ताप बसेल असे त्याला आता वाटणार नाही. बशीतली वळवळ डोळ्यांपुढून जात नाही. जुना विश्वास आपण घेऊन गेलात आणि नवा दगडापर्यंत आणून सोडलात. मधल्या जागेत अर्जदार उभा आहे.

८. भामा डेंग्यूने पनवेलच्या दवाखान्यात आहे. तिच्या रक्तातल्या पेशी रोज उतरतात. ती त्यांचे काही विचारत नाही. अर्जदार खाटेजवळ बसला की डोळे न उघडता एवढेच विचारते, "आवो, गारी गेली का शिवंच्या भायेर?" अर्जदार म्हणतो, "गेली." मग ती विचारते, "कुठं पोचली?" जन्मभर थापा मारल्या, पण इतकी जड थाप कधी उचलावी लागली नव्हती. पहिल्या दिवशी त्याने गाडी गव्हाणला नेली. मग उलव्याला. मग कंटेनरच्या ट्रकांमागे रांगेत उभी केली. गाडी लांब गेली की तिचा चेहरा जरा सैल पडतो, घोटभर पेज घेते. काल गाडी न्हावा शेव्याच्या बंदरात, धक्क्यावर पोचली. आज ती विचारील तेव्हा पुढे समुद्र आहे, आणि अर्जदाराला जहाजातले काही कळत नाही.

तरी साहेबांनी तळघरातले पाणी आजच्या आज उपसावे व धूर दगडाच्या अलीकडे आणावा. म्हणजे निदान एकदा तरी, "गेली," असे अर्जदाराला तिच्या डोळ्यांत बघून म्हणता येईल. नपेक्षा गाडी परत द्यावी. ती तो तिच्या खाटेखाली ठेवील.

अजूनही दर शुक्रवारी पिंप उपडे करणारा,
तुळशीराम हसुराम घरत
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
(१) पिंपाच्या बुडावरून सोललेली नोटीस.
(२) टॉवरच्या तळघरातील पाणी, बाटलीभर, उन्हात धरून पाहावे. अर्ज फार दिवस पडून राहिल्यास बूच उघडू नये. तोवर आतल्यांना पंख फुटलेले असतील, आणि आपल्या टेबलापाशी शिवेचा दगड नाही.