आठव्या दिवसाची पांढरी साडी

दि. १४ ऑक्टोबर

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. माझी कंबर मात्र देवीला साड्या नेसवून नेसवून पार कामातून गेलीय. नऊ दिवस, रोज वेगळं रूप, रोज वेगळा रंग. मूर्ती दगडाची, ती काही "थांब, जरा वळते" म्हणत नाही.

तुझं पत्र मिळालं. पुढच्या आठवड्यात डोळ्यांचं ऑपरेशन, म्हणून त्याआधी तुझी साडी नेसलेल्या देवीचा फोटो हवाय. मागणारच गं तू. आठ महिने मागावर बसून, डोळ्यांची माती करून विणलीस ती. आठव्या दिवशी महागौरी, तिला पांढरं वस्त्र, हे तुला लहानपणी मीच शिकवलेलं.

फोनवर मी म्हटलं, "काय शोभली म्हणून सांगू!" ते खोटं होतं.

त्या सकाळी आमच्या मंदिराच्या अध्यक्षीणबाई लाल जरीची साडी घेऊन आल्या. "पांढरं काय नेसवताय? फोटोत उठून दिसत नाही." मी नंदीबैलासारखी मान डोलावली. साडी घसरू नये म्हणून मूर्तीला आतून जुनं कापड गुंडाळतो, त्या जागी तुझी गुंडाळली. वर लाल. मनाला म्हटलं, देवीच्या अंगाला तर तुझीच लागली ना!

एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. बाईंनी विचारलं, "ही सुती कोणी दिलीय?"

मी म्हटलं, "असेल कोणाची तरी."

धाकटे, सख्ख्या बहिणीचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. मला त्या साडीची लाज वाटली आणि तुझीही वाटली. आता स्वतःची वाटतेय, पण तिचा काय उपयोग?

काल सगळं आटोपलं. आतली तुझी साडी सोडवली, तर पूजेच्या पाण्याने वरचा लाल रंग उतरून पदरावर भला मोठा डाग. तीनदा धुतली. हट्टी आहे मेला, जात नाही.

आज ती देवीला नेसवली. आधी डावीकडून फोटो काढून छापून आणला, डाग दिसत नव्हता. तुला कळलंही नसतं. तो फाडून टाकला. सोबतचा उजवीकडून काढलाय. ऑपरेशनआधी बघ, आणि नीट दिसायला लागलं की पुन्हा बघ.

मग मला ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

तुझं नाव न घेतलेली,
तुझीच