चित्रात अठराची झालेली मिनू

१० नोव्हें. २००३
इंदिरानगरचे जाधव नवरा-बायको आमच्या बागा आखायच्या ऑफिसात आले. बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत बाग करायचीय, मिनूच्या आठवणीसाठी. मिनू त्यांची एकुलती एक. यंदा पावसाळ्यात तापात गेली, आठ वर्षांची. सर मला म्हणाले, बाग पुढे कशी दिसेल त्याचं चित्र तू कर.

१७ नोव्हें.
जागेचा फोटो स्कॅन करून फोटोशॉपमध्ये घेतला. कंपाउंडची भिंत पुसली, हिरवळ टाकली. बकुळ गंगापूर रोडच्या एका झाडाच्या फोटोतून कातरून घेतली. चांगली डेरेदार. रोपं दाखवली तर कोण बाग करेल! सावली वेगळ्या लेयरवर. फार काळी झालीय. उद्या.

२१ नोव्हें.
मिनूची आई, सुनंदाताई, एकट्याच आल्या. मॉनिटरवरच्या बकुळीकडे बघत बसल्या.
"एवढी व्हायला किती वर्षं?"
म्हटलं, दहा तरी.
"म्हणजे मिनू अठराची."
मग म्हणाल्या, तुम्ही चित्रात माणसं टाकता ना? तिला टाका.
आठ वर्षांच्या फोटोची अठराची कशी करणार... दुपारी परत आल्या, स्वतःचा कॉलेजातला फोटो घेऊन. पाठमोऱ्या, एक वेणी. "माझ्यावरच गेली होती. सगळे म्हणायचे."

२५ नोव्हें.
वेणीतले सुटे केस कातरताना डोळे सारखे भरून येत होते. ओढणी पिवळी केली, मिनूचा आवडता रंग. पोरगी हिरवळीवर नुसती तरंगत होती. पायाशी सावली टाकली तेव्हा कुठे टेकली.

२ डिसें.
प्रिंट दाखवली. जाधव म्हणाले, "छान. ही कोण?"
मग जाधवांना कळलं. उठून बाहेर गेले, स्कूटरला टेकून उभे राहिले. आत येऊन मला एवढंच, "मॅडम, तिला काढा यातून."
तोवर ताई प्रिंट गुंडाळून घेऊन गेल्यासुद्धा.

१२ जाने. २००४
रोपं पोचली. खड्डे करायला गेलेल्या माळ्याला ताईंनी परत पाठवलं. मी त्यांना फोन केला.
"चित्रात ती मोठी झालीय हो. बाहेर एवढ्याशा काड्या लावल्या की पुन्हा सगळं..."
फोन ठेवला त्यांनी.
सर म्हणाले, तुझं चित्र जरा जास्तच चांगलं झालं. चेष्टेतच. मला हसू येईना.

२५ जाने.
इंदिरानगरला गेले. चित्र हॉलमध्ये, फ्रेम करून. ताई चहा ठेवायला आत गेल्या. बंगल्यामागे जाऊन बघते तर जाधवांनी स्वतःच एक बकुळ लावलेली. गुडघ्याएवढी, तिरकी. स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला. बंद.
मी खाली बसून माती दाबली, काठीचा आधार बांधला.
"सुनंदाला अजून बोललो नाही," जाधव हळू म्हणाले. "पाणी रोज घालू?"
"दिवसाआड. एक उन्हाळा काढला की..."
"काढेल ना?"
पहिल्या उन्हाळ्यात रोपं जातात कधी कधी. मी गाठ सोडून पुन्हा आवळली.
आतून ताईंची हाक, "चहा झालाय. कुठे आहात दोघं?"
जाधव रोपापुढे आडवे उभे राहिले.