बाबांचा डोळा पोस्टात का पडला नाही

रेनो, १९ जुलै

प्रिय व्हर्नाताई,

धाकट्या डेल्बर्टचा नमस्कार. तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींना उत्तर राहिलं, त्याबद्दल आधी माफी मागतो. पहिल्याला उत्तर लिहायला बसलो तोवर दुसरं आलं, आणि दुसऱ्यात तू इतकी रागावली होतीस की तिसऱ्याची वाट बघणंच मला बरं वाटलं. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतात ना? माझी तब्येत ठीक आहे असं डॉक्टर म्हणतो. पण म्हणताना तो खिडकीबाहेर बघत होता, ते मला आवडलं नाही.

बाबांचा काचेचा डोळा एक जूनला तुझ्याकडे पोचायला हवा होता, हे मला मान्य आहे. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, हे बाबा गेल्यावर आईनेच ठरवून दिलेलं. ऑगस्टमध्ये सगळे तुझ्या अंगणात जमले की बटाट्याच्या सॅलडशेजारी बशीत तो ठेवल्याशिवाय कुणी घास घेत नाही, हेही मी विसरलेलो नाही. (मक्याच्या कणसावर तुटून पडलेल्या माणसाकडे तो कसा बघतो, ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझी खुर्ची नेमकी समोर असते.) तेव्हा तो का पोचला नाही ते सगळं सांगतो. मी सातवीपर्यंतच शिकलेला माणूस, पुढचं आधी आणि मागचं नंतर झालं तर सांभाळून घे.

तर मी डोळा खिशात घालून पोस्टात निघालो. पोस्टात ही रांग. समोरच पत्ते खेळायची खोली आहे, तिथे खुर्च्या गुबगुबीत आहेत, म्हणून रांग ओसरेपर्यंत टेकावं म्हटलं. पण खेळल्याशिवाय बसू देत नाहीत. सगळ्यात स्वस्त टेबल कुठलं ते विचारलं आणि माझ्यासारख्याच पेन्शनवाल्या आठ जणांत जाऊन बसलो. वेळ सकाळी दहाची, त्यामुळे पाप काही फारसं दिसत नव्हतं. एक जण पोकर खेळता खेळता चक्क विणत होता.

खेळ दिसायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे, मग मधोमध पाच उताणे, ते सगळ्यांचे. आम्ही कोठारात गोण्यांवर बसून खेळायचो त्याच्याशी मात्र याचा काही संबंध नाही, कारण तिथे मला कुणी शिकवायला जात नसे, आणि इथे शिकवण्यावाचून कुणी दुसरं काही करत नव्हतं. पहिल्या डावात मी पत्ते डोळ्यांजवळ धरून नीट वाचले, तर शेजारच्यानेही वाचले. दुसऱ्यात माझी पाळी नसताना, उगाच लोकांचा खोळंबा नको म्हणून, आधीच बोललो. तिसऱ्यात ‘मी आहे’ म्हटलं, मग धीर सुटला आणि ‘मी नाही’ म्हटलं. तेव्हा पत्ते वाटणारी बाई, मारिसोल तिचं नाव, शांतपणे म्हणाली, “आजोबा, या टेबलावर तोंडातून निघालेला शब्द परत आत जात नाही.” हे वाक्य लक्षात ठेव, ताई. माझा घात त्यानेच झाला.

चौथ्या डावात मला दोन एक्के आले. आता तू मला ओळखतेस. चांगलं काही झालं की मी आधी घाबरतो आणि कॉफी मागवतो. कॉफी ठेवायला जागा करावी म्हणून मी ते एक्के जरा पुढे सरकवले, तर मी डाव सोडला असं समजून मारिसोलने ते उचलून रद्दीत टाकले. रद्दीतून पत्ता परत येत नाही. मी कळवळून सांगितलं की ते एक्के होते. विणणारा म्हणाला, सोडलेले पत्ते सगळ्यांचेच एक्के असतात. मग मारिसोलला दया आली. तिने समजावलं की पत्त्यांवर काहीतरी वजन ठेवत जा, नाणं, किल्ली, काहीही, म्हणजे कुणी हात लावणार नाही.

माझ्या खिशात दुसरं होतंच काय?

बाबांनी तेवढं मात्र चोख केलं. दोन तास माझ्या पत्त्यांना कुणी हात लावला नाही. समोरच्या गृहस्थाने तर खुर्ची बदलून घेतली. शिवाय माझे हात थरथरतात ते तुला माहीत आहे, आई गेली त्या वर्षापासून. या लोकांत अशी समजूत आहे की हात थरथरला म्हणजे माणसाकडे भारी पत्ते आले. त्यामुळे मी चिप्सना (खायच्या नव्हेत, पैशांऐवजी मांडायच्या चकत्या) हात लावला रे लावला की सगळे पत्ते टाकून द्यायचे. माझ्याजवळ सत्ती-दुरी असायची. मी खोटं बोलत नव्हतो ताई, मी फक्त घाबरलेलो होतो.

एकटी मॅव्हिस फसली नाही. ही माझ्या डाव्या हाताला बसते. तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे कोण खरंच आजारी आणि कोण सोंग करतंय हे तिला आरशातून कळतं. मी कॉफीत साखर घालताना अर्धी तिच्या बाहीवर सांडली होती. साखरेलासुद्धा ज्याचा हात थरथरतो त्याच्या थरथरण्याला काय अर्थ, असा तिने हिशेब केला. मला राण्यांची एक जोडी आणि अठ्ठ्यांची एक, अशा दोन जोड्या जुळल्या. मी हर्षाने इतका घाबरलो की मधे तीन बदाम पडलेत हे बघितलंच नाही. ‘सगळं’ असं म्हटलं आणि दोन्ही हातांनी समोरचं सगळं पुढे ढकललं. मॅव्हिसने दोन बदाम दाखवले. पाच बदामांपुढे माझ्या दोन जोड्या कुठल्या टिकायला? आणि त्या ढिगाऱ्यात, चिप्सच्या मधोमध, बाबा छताकडे बघत पडलेले.

मारिसोलने डोळा उचलून मला परत देऊ केला. मी तो घेतला नाही.

रागावू नकोस, आधी ऐक. मी ‘सगळं’ म्हटलं होतं. आणि तोंडातून निघालेला शब्द परत आत जात नाही, हे त्याच बाईने मला अडीच तासांपूर्वी शिकवलं होतं. चूक करायची, शिकायचं आणि मग आपल्या अंगाशी आलं की विसरायचं, ही कुठली रीत? मी तसं बोलूनही दाखवलं. मग वरचा साहेब आला. त्याने नियमांची वही चाळली आणि म्हणाला की डोळ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, सोडून द्या असंही लिहिलेलं नाही. खेळ वीस मिनिटं थांबला.

मॅव्हिस म्हणाली, “अहो, मला तुमच्या वडिलांचा डोळा नको. माझे दोन्ही चालू आहेत.”

मी म्हटलं, “बाई, नियम आहे.”

“डोकं आहे का ठिकाणावर?”

“ते डावावर लावलं नव्हतं,” मी म्हटलं.

त्यावर ती हसली. एवढी मोठ्याने हसली की विणणाऱ्याचे टाके सुटले. मग डोळा रुमालाने पुसून तिने आपल्या पत्त्यांवर ठेवला, बुबुळ माझ्याकडे करून. तेव्हापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी ती जिंकते, आणि बाबा माझ्याकडे बघतात, मी फाटक उघडं टाकल्यावर बघायचे तसे. मी मुद्दाम शेजारची खुर्ची धरतो, डोळ्यावर लक्ष ठेवायला. माझ्या चुका आता पुष्कळ कमी झाल्या आहेत. मॅव्हिस माझ्या साखरेचा चमचा स्वतःच धरते.

‘डोळ्याशिवाय येणार असशील तर येऊ नकोस,’ असं तू तिसऱ्या पत्रात लिहिलंस. त्यानंतर मला झोप नाही. जमलेल्या माणसांसमोर मी मान खाली घालीन, पण रिकामी बशी मला बघवणार नाही. यावर मी एक उपाय काढला आहे, तो खाली लिहितो.

तुझा भाऊ,
डेल्बर्ट

ता. क. डोळा आता मॅव्हिसचा आहे, आणि तिच्याशिवाय तो तुझ्याकडे नेब्रास्कापर्यंत येणं योग्य दिसणार नाही. तेव्हा ऑगस्टमध्ये एक ताट जास्त मांड. तिला लोणच्याची काकडी चालत नाही.

ता. क. दुसरा. मॅव्हिस वाईट बाई आहे असं कुणाला सांगू नकोस. तिने डोळा मला आतापर्यंत चार वेळा परत देऊन पाहिला, एकदा तर माझ्या टोपीत टाकला. मीच घेत नाही. घेतला तर तिने तुझ्याकडे यायचं कुठल्या कारणाने?

ता. क. तिसरा. तू ‘अवश्य घेऊन ये’ असं कळवलंस, हे मी तिला गुरुवारीच सांगून बसलो आहे. शब्द निघाला तो निघाला. तिने गाडीचं तेलपाणीसुद्धा केलं. तेव्हा ताई, गुडघा दुखत असला तरी ऊठ आणि तसं दोन ओळींत खरोखर कळव, लवकर.